अभ्यास सांभाळून सेवा : आपल्या बडोद्याचे विनोबा



शाळेतून बाहेर पडून कॉलेजात गेलेल्या मुलांच्या घरी फेब्रुवारी महिन्यात एक ठरलेला संवाद होतो. राष्ट्रीय सेवा योजनेची डायरी दप्तराच्या तळातून वर येते, तासांची बेरीज होते आणि बेरीज कमी भरते. मग आई विचारते की वर्षभर काय करत होतास, आणि मुलगा हिशेब सांगतो : सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी क्लास, रविवारी टेस्ट. वेळ होता कुठे? ही तक्रार अगदीच खोटी नाही. योजनेचा नियम वर्षाला १२० तासांचा, दोन वर्षांचे मिळून २४० तास, आणि शिवाय सात दिवसांचे शिबिर. परीक्षा तोंडावर आलेली असताना उरलेले तास डोंगराएवढे दिसू लागतात आणि मग काम राहते बाजूला, सही मिळवण्याची धडपड सुरू होते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच बडोद्यात एका कॉलेजच्या विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न होता. त्याच्याकडे डायरी नव्हती, त्याच्यावर सक्ती नव्हती, त्याला गुण मिळणार नव्हते. तरी अभ्यास कधी करायचा आणि लोकांचे काम कधी करायचे, हा पेच त्यालाही होताच. त्या विद्यार्थ्याचे नाव विनायक नरहर भावे. पुढे सारा देश त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागला. भूदानाचे विनोबा आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतात. बडोद्याचा विद्यार्थी असलेला विनायक मात्र चार ओळींत आटोपला जातो. म्हणून या वेळी त्याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबू या.

विनायकाचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कोकणातल्या पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा खेड्यातला. आजोबा शंभुराव भावे मोठे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ. वडील नरहरराव मात्र नव्या जमान्याचे होते. रंगकामाचे शास्त्र शिकलेले, प्रत्येक गोष्ट मोजूनमापून करणारे, गणिताची आवड असलेले. नोकरीच्या निमित्ताने ते बडोद्याला आले आणि विनायक साधारण नऊ-दहा वर्षांचा असताना बाकीचे कुटुंबही इकडे आले. कोकणातून आणि देशावरून बडोद्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

ते बडोदे कसे होते? महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात झाली. घडियाळी पोळमधून मांडवीकडे चालत निघाले की आजही थोड्याच वेळात आपण त्या ग्रंथालयापाशी पोचतो. (आजची इमारत मात्र नंतरची आहे.) विनायक या ग्रंथालयाचा पक्का वाचक होता. तासन्‌तास तिथे बसे. उन्हाळ्यात अंगातला सदरा काढून वाचत बसल्याबद्दल त्याचे तिथल्या शिपायाशी वाजले आणि प्रकरण गोऱ्या अधिकाऱ्यापर्यंत गेले, अशी आठवण त्यांनी स्वतः नंतर सांगितली आहे. मुलांनी यातले वाचन तेवढे घ्यावे.

आता त्यांच्या आईबद्दल सांगायला हवे, कारण सेवेचे पहिले धडे तिथे मिळाले. आईचे नाव रुक्मिणीबाई. शिक्षण फारसे नाही. पण मुलांवर तिची छाप अशी की विनोबा म्हातारपणापर्यंत तिच्या गोष्टी सांगत. घरी फणस कापला तर पहिले गरे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचे, ते वाटायला मुलेच जायची, आणि मग घरच्यांनी खायचे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, हाही नियम होता. शेजारची बाई गावाला गेली की आई त्या घरी जाऊन तिथल्या माणसांचा स्वयंपाक करून देई. पण आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकून मग तिकडे जाई. विन्या तल्लख आणि तोंडाळ. त्याने आईला विचारले की आधी आपले आणि मग दुसऱ्याचे, हा स्वार्थ नाही का? आईने समजावले की तिकडचा स्वयंपाक आधी केला तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तो गार होईल. त्यांना गरम मिळावे म्हणून तिकडचे नंतर.

ही गोष्ट वाचताना आम्हाला नेहमी वाटते की सेवा आणि घरचे काम यांचा मेळ कसा घालावा, याचे इतके साधे उत्तर क्वचित सापडेल. आपले काम टाकून ती माउली गेली नाही. आपले काम आटोपले म्हणून उरलासुरला वेळ दिला, असेही नाही. ज्याला द्यायचे त्याची सोय पाहून तिने वेळ ठरवली. आपली डायरी भरायची म्हणून रविवारी दुपारी एखाद्या वस्तीत जाऊन धडकणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रविवारी दुपारी त्या वस्तीतली माणसे आठवड्यातून एकदा मिळणारी विश्रांती घेत असतात.

दुसरी गोष्ट तांदळाची. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला होता. रोज ती मूठभर तांदूळ घेऊन एकेक दाणा मोजून वाही. नरहररावांनी ते पाहिले आणि शास्त्रीय उपाय सांगितला. एक तोळा तांदूळ घ्यावे, दाणे मोजावेत, त्यावरून लाख दाण्यांचे वजन काढावे आणि शंका नको म्हणून वर अर्धा तोळा जास्त घालावे. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला विचारले. विन्या स्वतः गणिताचा वेडा, तरी तो म्हणाला की हा हिशेबाचा प्रश्न नाही. एकेक दाणा मोजताना मन देवापाशी राहते, त्यासाठी हे मोजणे आहे. आईला ते पटले. खरे तर वडिलांचे गणित कुठेच चुकलेले नव्हते, लाख दाणे भरलेच असते. आता सेवायोजनेच्या १२० तासांकडे बघा. तेही दोन्ही रीतींनी भरता येतात.

विनायकाचे शालेय शिक्षण बडोद्यात झाले. वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्याने दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये याचे आईला नवल वाटले, तेव्हा संस्कृत त्याने घरी शिकायला घेतले. १९१३ साली तो मॅट्रिक झाला आणि बडोदा कॉलेजात दाखल झाला. घुमट असलेली ती भव्य इमारत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा आहे.

अभ्यासाशिवाय त्याला दोन छंद होते, चालणे आणि मित्र जमवणे. रोज मैलोन्‌मैल भटकायचे, वाटेत मित्रांच्या दारात उभे राहून हाक मारायची आणि त्यांना अभ्यासातून ओढून बाहेर काढायचे. पालकांना असा मित्र आवडत नसणार, हे उघड आहे. पण या भटकंतीतूनच १९१४ च्या सुमारास दहा-पंधरा जणांचे विद्यार्थी मंडळ उभे राहिले. नियमाने जमायचे, एकाने तयारी करून एखाद्या विषयावर बोलायचे, बाकीच्यांनी चर्चा करायची. विनायकाचे मॅझिनीवरचे व्याख्यान मित्रांच्या लक्षात राहिले. मंडळाने पुस्तके गोळा करून स्वतःचे ग्रंथालय उभारले. मातृभाषेचा प्रसार हा मंडळाचा एक उद्देश होता. गुजराती मुलुखातल्या मराठी मुलांनी १९१४ साली तो ठेवावा, हे आपल्यासारख्या शाळेला विशेष जवळचे वाटेल.

या मंडळाची एक आठवण मुलांना फार आवडते. शिवजयंती कुठे साजरी करायची असा प्रश्न निघाला. विनायकाचे मत पडले की शिवाजी महाराज स्वातंत्र्याचे भक्त, त्यांची जयंती चार भिंतींत कशाला, उघड्यावर रानात साजरी करू. सुट्टी तर नव्हती. तेव्हा इतिहासाचा तास बुडवून मंडळी रानात गेली. दुसऱ्या दिवशी दंड होणार हे ठाऊक असल्याने प्रत्येकाने खिशात चार आणे ठेवले होते. शिक्षकांनी दंड सांगताच सर्वांनी नाणी काढून पुढे ठेवली. इथे मुलांना एवढेच सांगायचे की विनोबांनी तास बुडवला हे जितके खरे, तितकेच दंडाचे पैसे आधी तयार ठेवले हेही खरे. आपल्या कामाची किंमत आपणच द्यायची आणि मागाहून सवलत मागायची नाही, ही त्यांची रीत त्या दिवसापासून शेवटपर्यंत दिसते.

कॉलेजच्या शिक्षणात मात्र त्यांचे मन रमेना. एके दिवशी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून त्यांनी आपली सर्व प्रमाणपत्रे जाळली. आईने म्हटले की आज उपयोग नसेल तर पुढे कधी होईल, राहू द्यावीत. पण ऐकतो कोण! बडोदा कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, त्यामुळे इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जावे लागे. २५ मार्च १९१६ रोजी विनोबा परीक्षेसाठी म्हणून गाडीत बसले, सुरतेला दोन मित्रांसह उतरले आणि थेट काशीची गाडी पकडली. घरी पत्र पाठवले की परीक्षेला जात नाही, दुसरीकडे जात आहे, पण गैर काही करणार नाही याची खात्री बाळगावी.

हा प्रसंग वाचून पालकांच्या कपाळावर आठी पडली असेल तर ती रास्त आहे. विनोबांनी परीक्षा सोडली म्हणजे सेवेसाठी परीक्षा सोडावी, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. कारण शिक्षण त्यांनी सोडलेच नाही, उलट पुढच्या दोन वर्षांत त्यांनी जितका अभ्यास केला तितका कॉलेजात राहून झाला असता की नाही, शंका आहे. काशीत ते संस्कृत शिकत, अन्नछत्रात जेवत आणि खर्चाला म्हणून एका शाळेत महिना दोन रुपयांवर इंग्रजी शिकवत. तिथेच त्यांच्या वाचनात गांधीजींचे काशी हिंदू विश्वविद्यालयातले भाषण आले. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादला कोचरब आश्रमात पोचले. गांधीजी त्या वेळी भाजी चिरत बसले होते. त्यांनी एक सुरी नव्या पाहुण्याच्या हाती दिली. शास्त्रचर्चेच्या तयारीने आलेल्या विनोबांचा पहिला पाठ भाजी चिरण्याचा झाला.

१९१७ साली विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. प्रकृती सुधारायची आणि संस्कृतचा अभ्यास पुरा करायचा, ही दोन कारणे होती. वर्ष संपले तेव्हा ते नेमके ठरल्या दिवशी आश्रमात हजर झाले आणि गांधीजी चकित झाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी मौज त्या वर्षाच्या हिशेबात आहे. १९१८ च्या सुरुवातीला विनोबांनी गांधीजींना एक लांबलचक पत्र लिहून वर्षात काय काय केले ते कळवले. आजच्या भाषेत सांगायचे तर ती त्यांची सेवायोजनेची डायरीच होय. फरक इतकाच की ती कोणी मागितली नव्हती.

वर्षातला बराचसा काळ गेला वाईला, प्राज्ञपाठशाळेत. नारायणशास्त्री मराठे (पुढचे केवलानंद सरस्वती) यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन असा अभ्यास केला. हा अभ्यास म्हणजे पूर्ण वेळाचे काम होते. कुणाला वाटेल की यापुढे दुसऱ्या कशाला वेळ राहिला नसेल. पण त्याच पत्रात पुढे येते की सहा विद्यार्थ्यांना गीता शिकवली, चौघांना ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय, दोघांना नऊ उपनिषदे, दोघांना इंग्रजी, आणि शिकवण्याचा मोबदला कुणाकडून घेतला नाही. हिंदी स्वतःला नीट येत नसताना विद्यार्थ्यांबरोबर हिंदी वर्तमानपत्रे वाचण्याचा प्रघात पाडला. सुमारे चारशे मैल पायी हिंडून रायगड, सिंहगड, तोरणा असे किल्ले पाहिले आणि त्या प्रवासात गीतेवर पन्नासेक प्रवचने दिली.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. यातले बहुतेक काम अभ्यासाच्या बाहेरचे नव्हतेच. सकाळी जे शास्त्रीबुवांकडून शिकायचे, तेच दुसऱ्याला शिकवायचे. शिकवल्याने आपले पक्के होते आणि दुसऱ्याचा फायदा होतो. चालणे प्रकृतीसाठी हवेच होते, त्याच चालण्यात प्रवचने झाली. एकाच तासात दोन कामे बसवायची ही युक्ती आजच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखी आहे. विज्ञान शाखेत जाणाऱ्या मुलीने पोळमधल्या सातवीच्या चार मुलांना गणित शिकवले तर तिचे तास भरतात आणि तिचा पायाही मजबूत होतो. वाणिज्य शाखेतल्या मुलाने एखाद्या लहान मंडळाचे जमाखर्च लिहून दिले तर तेच त्याचे प्रॅक्टिकल. झाडू घेऊन फोटो काढण्यापेक्षा हे बरे.

वाईची सर्वांत सुंदर हकीकत दळणाची आहे. प्रकृतीसाठी विनोबा आधी रोज दहा-बारा मैल चालत, मग रोज सहा ते आठ शेर दळण दळू लागले. बडोद्यासारखेच एक विद्यार्थी मंडळ त्यांनी वाईत स्थापन केले आणि त्याचे वाचनालय काढले. वाचनालयाला पैसा हवा. वर्गणी मागत हिंडण्याऐवजी त्यांनी दळणाचा वर्ग सुरू केला. लोक जे धान्य यंत्राच्या गिरणीत नेत, ते मागून आणायचे आणि दोन शेरांना एक पैसा या दराने जात्यावर दळून द्यायचे. मिळकत वाचनालयाला. विनोबा आणि आणखी पंधरा विद्यार्थी या वर्गात होते. वाई म्हणजे जुन्या वळणाचे गाव, मुले बहुतेक हायस्कुलात जाणारी ब्राह्मणांची. त्यात पैसेवाल्यांची मुलेही होती. शिकणाऱ्या मुलग्यांनी बायकांसारखे जात्यावर बसावे, हे पाहून गावातल्या शहाण्यासुरत्यांनी त्यांना वेड्यात काढले. तरी वर्ग दोनेक महिने चालला आणि वाचनालयात चारशे पुस्तके जमली.

गणिताची आवड असलेल्या मुलांनी जरा आकडेमोड करून पाहावी. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे. दोन शेरांना एक पैसा, म्हणजे एक रुपया मिळवायला १२८ शेर दळायचे. चाळीस शेरांचा मण धरला तर तीन मण आणि वर आठ शेर! चारशे पुस्तके काही निव्वळ या पैशांत आली नसणार. ज्या वाचनालयासाठी मुले जाते ओढतात, त्याला पुस्तके देणारी घरेही गावात निघालीच असतील, असे आम्हाला वाटते. आणि हा वर्ग दोनच महिने चालला, हेही विनोबांनी न लपवता लिहिले आहे.

याच पत्रात बडोद्याचाही उल्लेख आहे. लोकसेवेची इच्छा असलेले दहा-पंधरा मित्र तिथे आहेत आणि मातृभाषेच्या प्रसारासाठी तीन वर्षांपूर्वी काढलेल्या संस्थेच्या वार्षिक उत्सवाला जाऊन आलो, असे विनोबा कळवतात. म्हणजे संस्थापक काशीला निघून गेल्यावरही मंडळ चालू होते. मुलांच्या मंडळांचा आपला सर्वांचा अनुभव पाहता ही लहान गोष्ट नव्हे. पत्र वाचून गांधीजी इतके प्रसन्न झाले की गोरखाने मच्छिंद्राला जिंकल्याची उपमा देऊन त्यांनी विनोबांचे कौतुक केले.

त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि २४ ऑक्टोबर १९१८ रोजी रुक्मिणीबाई बडोद्यात वारल्या. गीता मराठीत समजावी ही तिची जुनी इच्छा होती. तिला संस्कृत कळत नसे आणि मिळालेली भाषांतरे तिला अवघड वाटत. ती इच्छा मुलाने १९३०-३१ साली गीताई लिहून पुरी केली.

पुढचे चरित्र सर्वपरिचित असल्याने थोडक्यात सांगतो. १९२१ साली विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीतेवरची प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली.

तुरुंगातून सुटल्यावर १९४६ पासून त्यांनी पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात भंगीकाम सुरू केले. रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून काही मैल चालत जायचे, गावातली घाण उचलायची, परत यायचे आणि मग दिवसाची बाकीची कामे. पन्नाशी उलटलेला, देशभर नाव झालेला माणूस हे काम पाऊस असो, थंडी असो, नेमाने करत होता. एकदा वाटेतल्या ओढ्याला पूर आला. पलीकडे जाणे शक्य नव्हते. विनोबा तरी काठापर्यंत गेले. पलीकडच्या माणसाला हाक मारून त्यांनी सांगितले की देवळात जाऊन देवाला कळव, गावाचा भंगी आला होता, पुरामुळे परत गेला. काय सांगणार ते त्यांनी त्याच्याकडून वदवूनही घेतले. त्याने आदराने बाबाजी आले होते असे सांगेन म्हटले, तर विनोबांनी त्याला दुरुस्त केले. बाबाजी नव्हे, भंगी आला होता असेच सांगायचे. हजेरीची आजची वही आणि ही हजेरी यांत केवढे अंतर आहे! गांधीजींच्या निधनानंतर १९४८ साली निर्वासितांच्या कामासाठी त्यांना बाहेर पडावे लागले, तोवर हा क्रम चालला.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी पहिली शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदान यात्रा सुरू झाली. तेरा वर्षे विनोबा पायी हिंडत राहिले आणि चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने जाहीर झाली. त्यातली पुष्कळशी निकस निघाली किंवा वाटली गेलीच नाही, हेही सांगितले पाहिजे. आणीबाणीच्या काळातल्या त्यांच्या भूमिकेवरही कडक टीका झाली. थोर माणसाची ओळख करून घेताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

विनोबा असे हिंडत असतानाच दिल्लीत विद्यार्थ्यांच्या सेवेचा विचार चालला होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शालेय शिक्षण संपल्यावर विद्यापीठात जाण्याआधी मुलांनी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी आणि ती सक्तीची असावी, असे तिचे म्हणणे पडले. त्यानंतर के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या पद्धती अभ्यासून सेवा ऐच्छिक ठेवण्याचा सल्ला दिला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. एक योगायोग पाहा. सक्ती सुचवणारे चिंतामणराव आणि आयुष्यभर आपखुशीने काम करणारे विनोबा हे दोघे एकाच रायगड जिल्ह्यातले. एकाचा जन्म सप्टेंबर १८९५ चा, दुसऱ्याचा जानेवारी १८९६ चा. दोघे गेलेही १९८२ सालीच, दीड महिन्याच्या अंतराने.

आमचे मत विचाराल तर चिंतामणरावांची सूचना अमलात आली नाही हे बरेच झाले. पण ऐच्छिक म्हटलेली गोष्ट श्रेयांकांमुळे आणि प्रमाणपत्रांमुळे हळूहळू सक्तीसारखीच होत जाते, हेही आपण पाहतो. तेव्हा सक्ती आहे की नाही यावर घरात वाद घालण्यापेक्षा एक साधे गणित मांडून पाहावे. वर्षाचे १२० तास म्हणजे ७२०० मिनिटे. रोजची झाली जेमतेम वीस. आठवड्याला धरले तर सव्वादोन तासांच्या आसपास. जूनपासून पोळमधल्या एखाद्या आजोबांना रोज वीस मिनिटे वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्या मुलावर फेब्रुवारीत बेरीज करण्याची पाळी येत नाही. पालकांनी दुपारच्या क्लासमधला एखादा तास कमी करायला हरकत घेऊ नये, आणि विश्वस्तांनी आपल्या शाळेच्या वाचनालयात संध्याकाळी पुस्तके देण्याघेण्याचे काम माजी विद्यार्थ्यांसाठी मोकळे ठेवावे, असे जाता जाता सुचवतो. वाई ज्या सातारा जिल्ह्यात येते, तिथेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली कॉलेज काढून श्रम आणि शिक्षण यांची सांगड शेकडो गरीब मुलांसाठी घातली. तेव्हा ही गोष्ट एकट्या विनोबांनाच जमली असेही नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी पडल्यावर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबर रोजी पवनारला देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

राहिली बडोद्याची ती मित्रमंडळी. रघुनाथ धोत्रे, गोपाळराव काळे, बाबाजी मोघे असे त्यातले काही जण विनोबांच्या मागोमाग गांधीजींच्या कामात आले आणि तिथेच राहिले. धोत्रे पुढे गांधी सेवा संघाचे मंत्री झाले. संध्याकाळी अभ्यास टाकून फिरायला चल, अशी दारात उभे राहून विनायकाने ज्यांना हाक मारली होती, त्यांच्यापैकीच हे.